आजीचा खडा

राजूरच्या आमच्या घरी तुळशीच्या कट्ट्यावर आजीचे खडे मांडलेले आहेत. कळसूबाईचा, रतनगडाचा, हरिश्चंद्रगडाचा, पंढरपूरच्या वाळवंटातला एक, आणि एक अलंगचा. हा शेवटचा काकाने आणलाय. तो खरंच माथ्यावरचा आहे की काकाने पायथ्यालाच उचलला, यावर घरात अजून एकमत नाही. आजीचे गुडघे गेल्यापासून ती चढत नाही. पण घरातलं कोणी डोंगरावर निघालं की पायरी उतरायच्या आत सांगते, "येताना तिथला खडा आण." खडा आणला नाही तर तुम्ही गेलाच नाहीत, असा तिचा साधा हिशोब.

नोव्हेंबरात परीक्षा संपल्यावर मी तिला कॅनबेराहून फोन केला. म्हटलं, ऑस्ट्रेलियातल्या सगळ्यात उंच डोंगरावर, कोश्च्युश्कोवर चाललेय.

"कळसूबाईपेक्षा उंच?"

"हो गं. आपली कळसूबाई १६४६ मीटर, हा २२२८."

थोडा वेळ काहीच बोलली नाही. बहुतेक तिला ते आवडलं नसावं. मग म्हणाली, "बरं. खडा आण."

आता खड्याआधी बुटांचं सांगायला हवं, कारण मातीवरून या देशाशी माझं वाजलं ते पहिल्याच दिवशी. ट्रेकचे बूट मी घरूनच आणले होते. विमानतळावरच्या फॉर्मवर विचारतात, माती लागलेली काही वस्तू जवळ आहे का. मी प्रामाणिकपणे 'हो' वर खूण केली. अधिकाऱ्याने बूट उलटे केले, खाचांमधली रतनवाडीची माती पेनाच्या टोकाने उकरून बघितली, बूट घेऊन आत गेला आणि थोड्या वेळाने धुतलेले ओले बूट माझ्या हातात दिले. मी राहुरीला बीएस्सी अ‍ॅग्री केलंय, इथे आलेय तीही मृदाशास्त्र शिकायला. आणि दारातच माझी माती काढून घेतली! बाहेर येऊन भावाला मेसेज केला, तर त्याने नुसता हसणारा चेहरा पाठवला.

असो. विद्यापीठात बुशवॉकिंग क्लब आहे. बुश म्हणजे रान. आम्ही अकरा जण निघालो. लीडर टास्मानियाची, वनशास्त्रात पीएचडी करणारी, बोलायला कमी आणि चालायला फार. एक वाग्गाकडच्या शेतावर वाढलेला मुलगा, दोन चिनी मुली, एक जर्मन, बाकी इकडचे-तिकडचे. आणि नेपाळच्या सोलुखुंबूचा एक भिडू. शिखराची उंची ऐकून तो एवढंच म्हणाला, "माझी शाळा याच्यापेक्षा उंचावर होती."

निघायच्या आदल्या बुधवारी सापाची तालीम झाली. म्हणजे साप नव्हता, रुग्ण होता, आणि सगळ्यांत बुटकी म्हणून रुग्ण मी. इथे साप चावला तर जखम धुवायची नाही, पाय हलवायचा नाही, बोटांपासून वर मांडीपर्यंत रुंद इलॅस्टिक बँडेज घट्ट गुंडाळायचं आणि माणसाला जागेवरच ठेवून मदत बोलवायची. इथल्या सापांचं विष लसिकेतून पसरतं, ते या दाबाने थोपवून धरतात. स्ट्रुअन सदरलँड नावाच्या डॉक्टरांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत बसवली. मी टेबलावर आडवी पडून विचार करत होते की आमच्याकडे आधी कोणी ओरडलं असतं, मग कोणी ब्लेड शोधलं असतं, आणि मग सर्पमित्राला फोन लागला असता. (हे वाचून कोणी आपल्याकडे बँडेज गुंडाळत बसू नका. घोणस-फुरशाचं विष चावल्या जागीच मांस सडवतं, आपले डॉक्टर हा उपाय सांगत नाहीत. पाय स्थिर ठेवायचा आणि सरळ दवाखाना गाठायचा.)

शुक्रवारी संध्याकाळी बारा सीटची भाड्याची व्हॅन आणि पुढे लीडरची जुनी गाडी, असे निघालो. कूमा गेलं, जिंदाबाईनचं तळं आलं. त्या तळ्याखाली जुनं जिंदाबाईन गाव आहे. स्नोई नदीवर धरण बांधलं तेव्हा, १९६०च्या दशकात, गाव उचलून वर आणलं. व्हॅनमध्ये ही माहिती मिळाल्यावर सगळे 'ओह' म्हणाले. मी भंडारदऱ्याच्या शेजारची, मला त्यात 'ओह' करण्यासारखं काही वाटलं नाही.

थ्रेडबो नदीच्या काठी टेंट लावले. खिचडी माझ्याकडे होती. गॅसवर पातेलं, वर झाडाला टांगलेला दिवा, आणि फोडणी देऊन पाणी ओततेय तोच त्या दिव्यावर आपटून एक तपकिरी पतंग थेट पातेल्यात पडला. मी चमच्याने काढून भिरकावणार, तेवढ्यात लीडर ओरडली, "थांब!" एरवी ती ओरडत नाही. चमचा माझ्या हातातून घेऊन तिने पतंग हलकेच एका दगडावर ठेवला. पाण्याला अजून उकळी आली नव्हती म्हणून वाचला.

हा बोगॉंग पतंग. दिसायला अगदी कोणाच्याही लक्षात न राहणारा, आपल्याकडे पावसाळ्यात ट्यूबलाइटखाली पडतात त्यातला एक वाटावा असा. पण हे दक्षिण क्वीन्सलँडच्या आणि आसपासच्या सपाट प्रदेशात जन्मतात आणि वसंतात रात्री-रात्री उडत या डोंगरांत येतात. काही तर हजार किलोमीटरवरून. कधीच न पाहिलेल्या जागी. आईबाप सांगायला असायचा प्रश्नच नाही, ते आधीच मेलेले असतात. पृथ्वीचं चुंबकत्व आणि ताऱ्यांनी भरलेलं आकाश, दोन्ही वापरून ते दिशा धरतात, हे आता संशोधकांनी दाखवलंय. डोंगरमाथ्यावरच्या कपारींत शिरून उन्हाळाभर एकमेकांना चिकटून झोपतात, कौलांसारखे एकावर एक. एक चौरस मीटर कातळावर सतरा हजार. मग शरदात परत मैदानात जाऊन अंडी घालतात आणि संपतात.

"२०१७ ते २०१९च्या दुष्काळात इतके घटले की कपारी रिकाम्या दिसायला लागल्या," लीडर म्हणाली. "आता धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहेत. म्हणून ओरडले. सॉरी."

वाग्गावाल्याने विचारलं, "मग खिचडी खायची की नाही?" खाल्ली.

रात्री अडीचला माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर कोणीतरी गवत उपटून खात होतं. म्हैस खाते तसा करकर आवाज, पण म्हशीएवढा श्वास नाही. टेंटची चेन इंचभर उघडून बघितलं तर वोंबॅट. रानडुकराच्या पिल्लासारखा जाडजूड, पण कसलीच घाई नसलेला. टॉर्चच्या उजेडात त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, आणि सरकारी कचेरीत चुकीच्या खिडकीवर आलेल्या माणसाकडे बघतात तसं दुर्लक्ष करून पुन्हा खाली मान घातली. सकाळी शेजारच्या ओंडक्यावर त्याच्या लेंड्या होत्या. चौकोनी. ऐकून होते, तरी खोटं वाटायचं. आतड्याचा शेवटचा भाग सगळीकडे सारखा ताणला जात नाही म्हणून त्याला अशा कडा येतात, आणि दगडा-ओंडक्यावर ठेवून हा आपल्या हद्दीची खूण करतो. मातीवाली म्हणून सगळ्यांनी मलाच ती हातात घ्यायला सांगितली. कोरडी असते, हलकी. घेतली.

आता किल्ली.

बेत असा होता. लीडरची गाडी थ्रेडबो गावात ठेवायची, सगळ्यांनी व्हॅनमध्ये कोंबून शार्लट पासला जायचं, व्हॅन तिथे सोडायची आणि डोंगर ओलांडून चालत थ्रेडबोला उतरायचं. मग दोघांनी गाडीने जाऊन व्हॅन आणायची. चालत बावीसेक किलोमीटर, पण रस्त्याने डोंगराला वळसा घालून साठ-पासष्ट. थ्रेडबोत गाडी लावून लीडर व्हॅनकडे आली, तिच्या शॉर्ट्सला धड खिसा नव्हता. माझ्याकडे गाडीची किल्ली दिली. "तुझ्या जॅकेटला चेन आहे, ठेव." मी ठेवली, चेन ओढली, वरून थोपटूनही बघितली. पुढे शार्लट पासला पोचेपर्यंत कडक ऊन पडलं होतं. पुढचं तुम्हाला कळलं असेलच. मला संध्याकाळी साडेपाचला कळलं.

शार्लट पास १८३७ मीटरवर आहे. म्हणजे व्हॅनमधून पाय खाली टाकला तोच कळसूबाईच्या डोक्यावर दोनशे मीटर. हे मला जरा लागलंच. पायथ्याच्या बारी गावाच्या बाजूने लोखंडी शिड्या चढून, साखळ्यांना धरून, वाटेत काकडी खाऊन आपण जी उंची कमावतो, ती इथे पेट्रोलवर मिळते. याच शार्लट पासला २९ जून १९९४ रोजी उणे २३ अंश तापमान नोंदलं गेलं. ऑस्ट्रेलियातलं सगळ्यात कमी. आम्ही मात्र नाकाला सनस्क्रीन लावत होतो.

सुरुवातीला स्नो गमची झाडं. निलगिरीचीच जात, पण वाऱ्याने पिळून काढलेली, सालीवर हिरवे-केशरी-राखाडी पट्टे. काही उभ्या उभ्या वाळलेली. मला वाटलं वणवा. लीडरने सालीवरचा आडवा चर बोटाने दाखवला. भुंग्याच्या अळ्या सालीखाली झाडाच्या भोवतीने पोखरत जातात आणि झाडाचा गळाच आवळला जातो. तिची पीएचडी यावरच आहे. प्रत्येक वाळल्या झाडापाशी ती एक क्षण थांबायची, ओळखीचं कोणी दिसल्यासारखी.

मग झाडं संपतात आणि नुसतं गवत. चालायला चक्क रस्ता आहे, मुरमाचा. १९७०च्या दशकापर्यंत लोक शिखराच्या खालपर्यंत गाडीने जायचे. खरं सांगायचं तर सह्याद्रीतल्या माणसाला हा डोंगर डोंगर वाटत नाही. कडा नाही, नाळ नाही, रॉकपॅच नाही. ग्रॅनाइटच्या झिजलेल्या गोल पाठी एकामागे एक. तासभर मी मनातल्या मनात याला नावं ठेवत चालले होते. स्नोई नदी आली, जिच्यावर एवढं मोठं धरण आणि तळ्यात बुडालेलं गाव आहे ती. इथे एका उडीत ओलांडता येईल एवढी. पाणी प्यायलो. दात वाजले.

सीमन्स हटमध्ये जेवायला बसलो. दगडी, दोन खोल्यांची झोपडी, आत चूल आणि सरपण. ऑगस्ट १९२८ मध्ये लॉरी सीमन आणि इव्हान हेज हे दोघे स्कीवर निघाले आणि हिमवादळात सापडले. सीमन महिन्याने सापडला, हेज १९३० मध्ये. सीमनच्या आईवडिलांनी दिलेल्या पैशातून १९२९ साली ही झोपडी बांधली, पुढच्या कोणाला आडोसा मिळावा म्हणून. दारावर त्याच्या नावाची पाटी आहे. ती वाचून बाहेर बघितलं तर समोर तेच गोल, लोळत पडलेले डोंगर. कडा नाही म्हणून मी ज्यांना हसत होते ना, त्यांच्यात ढग उतरला की एक पाठ दुसरीपासून ओळखता येणार नाही, हे तिथे बसल्यावर ध्यानात आलं. सह्याद्रीत धुक्यात निदान कडा सांगतो की पुढे जाऊ नकोस. मी पोळीची गुंडाळी संपवली आणि नावं ठेवणं बंद केलं.

हटच्या वर वाटेवर बर्फाचा एक पट्टा शिल्लक होता. माझा आयुष्यातला पहिला बर्फ, फ्रीजमधला सोडून. मळकट. वर तपकिरी ठिपके ठिपके, जवळ जाऊन बघितलं तर मेलेले पतंग. वाऱ्याने आणून टाकलेले. आणि त्यांच्यामध्ये पाच-सहा कावळे, जातीने इथले पण वागायला आपलेच, एक एक टिपून पंख झटकून खात होते. या पतंगांवर इथे कितीतरी जणांचं पोट आहे. दगडांच्या राशींखाली मुठीएवढा माउंटन पिग्मी पॉसम राहतो, बर्फाखाली अर्धं वर्ष झोपून उठला की त्याला हेच लागतात. तो प्राणी शास्त्रज्ञांना आधी फक्त जीवाश्मातून माहीत होता, संपला असंच समजत होते. १९६६ मध्ये व्हिक्टोरियात माउंट हॉथमच्या एका स्की लॉजमध्ये जिवंत सापडला. आणि माणसंही हेच खायची. उन्हाळ्यात इथले न्गारिगो लोक आणि दूरदूरच्या जमाती या डोंगरांत जमायच्या, कपारींतून पतंग गोळा करून गरम राखेत भाजायच्या. देवाणघेवाण व्हायची, लग्नं जमायची. म्हणजे जत्राच. कळसूबाईला नवरात्रात भरते तशी, फक्त प्रसाद वेगळा. तेल असतं त्यांच्यात भरपूर, चव भाजलेल्या शेंगदाण्यासारखी लागते म्हणे. आज त्या माथ्यावर जत्रेची एकही खूण मला दिसली नाही. पुढे पाटी दिसली ती सार्वजनिक शौचालयाची, ऑस्ट्रेलियातलं सगळ्यात उंचावरचं.

शिखरावर गर्दी होती. कडेवर बाळ घेतलेले बाप, चपला घालून आलेल्या आज्या, दगडी खांबापाशी फोटोची रांग. १८४० मध्ये स्ट्रझेलेत्स्की नावाच्या पोलिश माणसाने आपल्या देशातल्या कोश्च्युश्को या सेनानीचं नाव या शिखराला दिलं. तो सेनानी इथे कधी आला नाही. नावातला एक झेड इंग्रजीत गळाला होता, तो १९९७ मध्ये परत घातला. लोक तरीही 'कॉझी' म्हणतात. समोर माउंट टाउनसेंड, १९ मीटरने कमी, पण दिसायला कितीतरी रुबाबदार. नेपाळी भिडू बराच वेळ तिकडेच बघत होता. म्हणाला, "उंच हा आहे, डोंगर तो आहे."

देऊळ नाही, घंटा नाही, कुंकू लावायला काही नाही. मी वाकून जमिनीला हात लावला आणि कपाळाला लावला. हात खाली होताच, तर एक खडा आला बोटांत. लिंबाएवढा, राखाडी, आत अभ्रकाची चमक. आजीच्या कट्ट्यावर सगळे काळे बसाल्टचे आहेत, त्यात हा उठून दिसला असता. मूठ मिटली. लीडर बघत होती.

नॅशनल पार्कमधून दगड न्यायला बंदी आहे हे मला माहीत होतं. मी तिला आजीचं सांगितलं, कट्टा, गुडघे, सगळं. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "छान आहे. पण इथे येणाऱ्या प्रत्येकाला एक आजी असते."

दोन मिनिटं राग आला मला. मग खडा ठेवला. जिथून उचलला तिथेच ठेवला का, ते आता आठवत नाही.

उतरायची वाट थ्रेडबोच्या बाजूने, आणि ती वाट म्हणजे लोखंडी जाळी. जमिनीपासून थोडी उचललेली, साडेसहा किलोमीटरच्या वाटेवर बहुतेक भर. पायाखाली टण टण टण. मध्ये मध्ये जाळीतून गवत वर आलेलं. बाकीचे पुढे गेले, मी एके ठिकाणी गुडघे टेकून जाळीतून खाली बघत बसले. काळी, भुसभुशीत, स्पंजासारखी माती. ही माती मी पुस्तकात वाचलेली. शेकडो पिढ्यांचं गवत कुजून झालेली, पावसाचं आणि बर्फाचं पाणी धरून ठेवणारी आणि नद्यांना सावकाश सोडणारी. युरोपी लोक आल्यावर शंभरेक वर्षं उन्हाळ्यात इथे हजारो मेंढ्या-गुरं चरायला आणायचे, कोवळं गवत यावं म्हणून जाळायचे. ही माती वाहून गेली, खाली नुसते गोटे उघडे पडले. १९४४ मध्ये इथे राज्य उद्यान झालं, टप्प्याटप्प्याने चराई बंद झाली. स्नोई जलविद्युत योजनेवाल्यांनाही धरणात गाळ नको होता. मग वर्षानुवर्षं माणसांनी पेंढा अंथरून, बी टाकून हे उतार पुन्हा झाकले. तेवढ्यात आले चालणारे. त्यांच्या बुटांनी वाटेचे ओहोळ झाले. म्हणून जाळी.

मला हे सगळं पटतं. परीक्षेत याच विषयावर उत्तर लिहिलंय आणि बरे मार्कही पडलेत. पण ज्या मातीसाठी एवढ्या लांब आले, ती चार बोटांवर आणि मध्ये लोखंड, हे पचत नव्हतं. आणि त्याच वेळी गेल्याच्या गेल्या जूनमधलं भंडारदरा डोळ्यापुढे येत होतं. काजवे बघायला आलेल्या गाड्यांची रांग, सगळ्यांचे हेडलाइट चालू, एक जण फांदी तोडून पोराच्या हातात देतोय, त्यावरचे काजवे बाटलीत भरायला. लहानपणी आम्ही ओट्यावर बसून बघायचो त्या झाडाखाली भज्यांची गाडी लागलेली. तिथे जाळी घालायची तर कशाला घालणार, अंधाराला?

व्हॅनमध्ये येताना वाग्गावाला आणि जर्मन इथल्या रानघोड्यांवरून भांडले होते, तेही आठवलं. घोडे गवत तुडवतात, झऱ्यांचे काठ मोडतात. २०१८ मध्ये कायदा करून त्यांना वारसा म्हणून जपलं, २०२३ मध्ये हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालायला परवानगी दिली. जर्मन म्हणाला, बरोबरच आहे. वाग्गावाल्याचे आजोबा घोड्यावर बसून याच डोंगरांत गुरं आणायचे. तो गप्प झाला आणि कूमापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. तेव्हा मला तो चुकीचा वाटला होता. जाळीवर गुडघे टेकलेली असताना तितका वाटेना.

या सगळ्यात उशीर झाला, माझ्यामुळेच. खाली नेणारी शेवटची चेअरलिफ्ट गेली होती. मेरिट्सच्या पायवाटेने पायऱ्या पायऱ्या उतरलो, गुडघे बोलायला लागले. खाली गाडीपाशी पोचल्यावर लीडरने हात पुढे केला.

माझ्या सॅकमध्ये जॅकेट नव्हतं. सॅक रिकामी केली. पाण्याची बाटली, केळ्याची साल, टोपी. जॅकेट व्हॅनमध्ये सीटखाली. किल्ली जॅकेटमध्ये. व्हॅन डोंगरापलीकडे. व्हॅनची किल्ली मात्र लीडरच्या गळ्यात, छानपैकी दोरीत ओवलेली. कोणी काही बोललं नाही. लीडर फक्त गाडीच्या बॉनेटवर बसली. नेपाळी भिडू एकटाच हसत सुटला, आणि त्याला हसताना बघून मला रडू यायचं ते थांबलं.

बारीत असते तर कोणाच्याही ओसरीवर जाऊन बसले असते. चहा आला असता, कोणीतरी पुतण्याला मोटरसायकल काढायला लावली असती. इथे पार्किंगमध्ये माणसाकडे जाऊन काय म्हणायचं, तेच कळेना. चौथ्या माणसाने ऐकून घेतलं. काम संपवून घरी निघालेला कोणी कामगार, पिकअपमध्ये मागे कुत्रा, पुढे सलग सीट. लीडर आणि मी दाटीवाटीने बसलो. वाटेत जिंदाबाईनला त्याने बहिणीकडे गॅसचा सिलिंडर उतरवला, बहिणीने खिडकीतून आम्हा तिघांना केकचे तुकडे दिले. एवढ्या प्रवासात तो दोनच वाक्यं बोलला. एक, "डावीकडे लक्ष ठेवा, कांगारू." दुसरं, शार्लट पासला मी पैसे पुढे केल्यावर: "पुढच्या वेळी किल्ली गळ्यात बांध, पोरी."

तोवर आठ वाजून गेलेले. सूर्य टाउनसेंडच्या बाजूला बुडाला होता आणि थंडी एकदम अंगावर आली. जॅकेट सीटखालीच होतं, किल्ली चेनच्या आत सुखरूप. मी तिला मराठीतून दोन शब्द ऐकवले. लीडरने व्हॅन सुरू केली, हेडलाइट लागले, आणि समोरच्या उजेडात पाऊस पडायला लागला. पाऊस नव्हता, पतंग होते. काचेवर टपटप, बॉनेटवर, आरशावर, उघड्या दारातून आत.

लीडरने दिवे बंद केले. इंजिनही. "दहा मिनिटं," म्हणाली. "अंधार असला की जातील आपल्या वाटेने."

पलीकडे नऊ जण उपाशी, थंडीत कुडकुडत उभे, दोघांचा फोन सारखा वाजतोय. आणि आम्ही अंधारात गप्प बसलोय. माझ्या बाहीवर एक बसला होता. मोबाइलचा उजेड बोटांआडून अगदी मंद करून बघितला. पंखावर एक काळसर पट्टा आणि त्यात दोन फिकट ठिपके, एक गोल, एक वाटाण्याच्या शेंगेसारखा. मानेवर लव, मांजराच्या कानामागे असते तशी. उडण्याआधी स्नायू तापवायला तो नुसता थरथरत होता, सगळं अंग, आणि ती थरथर जॅकेटमधून माझ्या मनगटाला कळत होती. मग मनगट हलकं झालं. वर बघितलं तर एवढे तारे, की आमच्या ओट्यावरून दिसायचे त्याहून जास्त.

परत येताना लीडरने व्हॅन चाळीसच्या वर नेली नाही. कांगारू रस्त्याच्या कडेला उभे, दिव्यात डोळे लाल, कोणता उडी मारेल सांगता येत नव्हतं. कोणीच मारली नाही. कॅम्पवर साडेदहाला पोचलो. उरलेली खिचडी गरम करताना खाली लागली. ती करपलेली खरवड सगळ्यात आधी नेपाळी भिडूने मागून घेतली. त्याच्या घरीही तिच्यासाठी भांडणं होतात म्हणे.

रविवारी सकाळी निघायच्या आधी लीडरने सगळ्यांना रांगेत बसवून बुटांचे तळ ब्रशने घासायला लावले. हॉकवीड नावाचं एक परकं तण इथे पसरू बघतंय. त्याच्या शोधात वास घेणारी कुत्रीही फिरवतात. मेरिट्सच्या वाटेवर लागली होती तेवढी मातीही गेली. दुसऱ्यांदा धुतले माझे बूट या देशाने.

संध्याकाळी आजीला व्हिडिओ कॉल लावला. फोटो दाखवले, खांब दाखवला, बर्फ दाखवला. तिने सगळं बघितलं.

"खडा?"

मी सांगितलं, आणता येत नाही, कायदा आहे. जाळीचं सांगितलं, मातीचं सांगितलं, प्रत्येकाला एक आजी असते तेही सांगितलं.

"मग तू गेलीस हे कशावरून?"

दुसरं काही सुचेना म्हणून मी बूट उचलून तळ कॅमेऱ्यासमोर धरले. आजीने चष्मा पुसला, डोळ्यांना लावला, फोन नाकाजवळ नेला.

"धुतलेस होय गं?" म्हणाली.